मेंदूचा सातबारा

तात्यांची सही लहान होत चालली आहे, हे आम्हां घरच्यांच्या लक्षात आलं नाही. ते बँकेच्या काउंटरवर कळलं. पैसे काढायची स्लिप परत आली, सही जुळत नाही म्हणून. तात्यांनी दुसरी स्लिप भरली. तिच्यावरची सही पहिलीपेक्षा बारीक आली, तिसरी त्याहून बारीक. पहिलं अक्षर बरं, पुढची एकमेकांत दाटलेली, शेवटचं मुंगीएवढं. मागे रांग खोळंबली होती. "अंगठा द्या," असं आतून सांगण्यात आलं. आयुष्यभर सोसायटीच्या कर्जरोख्यांवर ऐसपैस सही करणारा माणूस अंगठा न देता, पैसे न घेता गावी, सुप्याला परत आला आणि ओट्यावर बसून राहिला.

तात्या माझे थोरले चुलते. त्या दिवसानंतरही दोन वर्षं आम्ही वाया घालवली. वात असेल, वय झालं, थंडीनं हात वळत नसेल, असं जो तो म्हणत होता. चालताना उजवा हात हलेनासा झाला, बशीत चहाचा कप वाजू लागला, तेव्हा कुठे पुण्याला नेलं. मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यांना एकच ओळ पाच वेळा लिहायला लावली, अक्षरं बारीक होत जाताना पाहिली आणि आजाराला नाव दिलं : पार्किन्सन, म्हणजे आपला कंपवात. मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडलंय, असं ते म्हणाले.

काकींनी विचारलं, "कमी पडलंय म्हंजी कुठं?"

"मेंदूत, काकी," डॉक्टर म्हणाले. काकी गप्प झाल्या. पण त्यांचा प्रश्न नेमका होता. रसायनशास्त्राला त्याचं नीट उत्तर देता यायला साठ वर्षं लागली आहेत.

सुप्याच्या बाईला आधी 'कुठं' हेच का विचारावंसं वाटलं, ते बारामती तालुका पाहिलेल्याला सांगावं लागणार नाही. बारामती म्हटलं की महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे ऊस येतो. तो आहेच. नीरा डाव्या कालव्याखाली माळेगाव, सोमेश्वर या कारखान्यांचा हिरवा पट्टा आहे. पण त्याच तालुक्याच्या पश्चिमेला सुपे आहे. इथे माळ आहे, खुरटं गवत आहे, बाभळी आहेत. गावाजवळच ५.१४ चौरस किलोमीटरचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, आणि ते राखलंय चिंकाऱ्यासाठी, म्हणजे कोरड्या माळावरच्या हरणासाठी. जनाई-शिरसाई उपसा योजनेचं पाणी आलं तर आलं, नाहीतर पावसावर नजर. उपबाजारात चिंचेची पोती उतरतात, उसाची मोळी नाही.

आता या दोन्ही पट्ट्यांची सरासरी काढली तर काय हाती येतं? मध्यम ओलीचा, मध्यम उसाचा एक तालुका, जो जमिनीवर कुठेही नाही. सरासरीत माळेगावचा ऊस दिसत नाही आणि सुप्याचा टँकरही दिसत नाही. म्हणून तर पावसाची नोंद मंडळवार ठेवतात. सुपे मंडळात किती पडला ते वेगळं लिहितात, कारण तालुक्यात पाऊस झाला या वाक्यावर सुप्याच्या माणसाचं पोट भरत नाही.

मेंदूतली रसायनं मोजण्याची रीत दीर्घकाळ तालुक्याच्या सरासरीची होती. मेंदूचा तुकडा कापायचा, आम्लात घोटायचा, गाळ खाली बसवायचा, वरच्या पाण्यात डोपामिन किती ते मोजायचं. आकडा अचूक मिळे. पण घोटताना पत्ता पुसला जाई.

या मोजणीच्या इतिहासाचा एक धागा मुंबईतून निघतो, आणि तो आपल्याकडे पुरेसा सांगितला जात नाही याची मला खंत आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरचा प्रयोग १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. सर्पगंधा आपल्या वैद्यांना जुनीच ठाऊक. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तिच्यावर लिहिलं होतं. पण जगभरच्या डॉक्टरांनी तिची दखल घेतली ती वकिलांच्या निबंधानंतर. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतून रिसर्पिन वेगळं केलं. ते रक्तदाबावर चाललं, मनोरुग्णालयांतही चाललं. मात्र काही रुग्ण खिन्न झाले, काहींचे हात कापू लागले, अंग ताठलं. कंपवातच जणू.

कशामुळे? अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत १९५५ साली दिसलं की रिसर्पिन मेंदूतल्या सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनाचा साठा रिकामा करतं. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रिसर्पिन दिलं. ससे लोळागोळा होऊन पडले. मग त्यांना एल-डोपा हे डोपामिनचं कच्चं रूप टोचलं, आणि ससे उठून चालू लागले. पुढच्याच वर्षी त्यांनी मेंदूत डोपामिन असतंच हे दाखवलं. या कामाला २००० सालचं नोबेल मिळालं. व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविझ आणि हर्बर्ट एरिंगर यांनी १९६० मध्ये कंपवातानं गेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. मेंदूच्या तळाशी असलेल्या स्ट्रायटम या भागात डोपामिन जवळजवळ नव्हतंच. तात्यांच्या गोळीचा जन्म तिथला. एका मुळीच्या दुष्परिणामातून एका आजाराचं मूळ सापडलं.

होर्निकिएविझ तिथे थांबले नाहीत. १९८८ मध्ये स्टीफन किश यांच्यासह त्यांनी स्ट्रायटमचे लहान लहान तुकडे करून ते वेगवेगळे मोजले. पुटामेन या उपभागातलं डोपामिन जवळपास पूर्ण संपलं होतं; शेजारच्या कॉडेटमध्ये त्यामानानं बरंच शिल्लक होतं. म्हणजे नुकसानही मंडळवार होतं! स्ट्रायटमचा एकच आकडा काढला असता तर हा फरक दिसला नसता. काकींच्या 'कुठं'ला मिळालेलं हे पहिलं गंभीर उत्तर. तरी ते सुरीनं कापलेल्या तुकड्यांइतकंच बारीक होतं. १९६२ पासून फॉल्क आणि हिलार्प यांची फॉर्मलडिहाइडच्या वाफेत ऊती चमकवण्याची रीतही होती, डोपामिनचे तंतू हिरवे दिसत आणि सेरोटोनिनचे पिवळे. ते चित्र देखणं, पण मोजमाप कच्चं, आणि मोजकीच रसायनं त्यात उजळत.

पत्ता न पुसता मोजायचं, हे जमवलं मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंगनं. मराठीत वस्तुमान-चित्रण म्हणू. १९९७ मध्ये अमेरिकेत रिचर्ड कॅप्रिओली यांनी ऊतीच्या कापावर ते करून दाखवलं. नाव अवघड असलं तरी काम समजायला अवघड नाही.

गोठवलेल्या मेंदूचा काप घ्यायचा, साधारण १२ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाचा. उणे २० अंशांच्या थंडीत, कांद्याचा पापुद्रा निघावा तसा तो पात्यावरून निघतो. तो काचेवर चिकटवून कोरडा करायचा. त्यावर लेझरचा प्रकाश शोषणाऱ्या पदार्थाचा फवारा मारायचा. मग लेझरचा बारीक किरण एका ठिपक्यावर सोडायचा. तिथले रेणू उडतात, विद्युतभार घेऊन यंत्रात शिरतात. यंत्र त्यांना तोलतं. तोलण्याची एक रीत अशी, की सगळ्यांना सारखाच जोर देऊन सोडायचं. हलका रेणू आधी पोचतो, जड मागून येतो. पोचण्याच्या वेळेवरून वजन कळतं, वजनावरून ओळख पटते. एक ठिपका झाला की काच किंचित सरकवायची, पुढचा ठिपका. असे हजारो ठिपके. प्रत्येकाची जागा नोंदलेली आणि प्रत्येकापुढे शेकडो रेणूंची यादी.

सातबाऱ्याचा उतारा ज्यानं वाचलाय त्याला हे लगेच उमजेल. कोणता गट, त्यात कोणतं पीक, किती क्षेत्र. २०२१ पासून शेतकरी बांधावर उभा राहून मोबाइलवर आपली पीक पाहणी आपणच नोंदवतो, फोटो त्या जागेवरूनच काढावा लागतो. वस्तुमान-चित्रण म्हणजे मेंदूची अशी गटवार पीक पाहणी. लेझर त्या त्या गटात जाऊन तिथलं पीक लिहून आणतो.

डोपामिननं मात्र या पाहणीला बराच काळ गुंगारा दिला. त्याचा रेणू चिमुकला, वजन १५३. फवारलेल्या पदार्थाचे स्वतःचे रेणूही साधारण याच वजनाच्या आसपासचे, आणि संख्येनं अफाट. शिवाय डोपामिन विद्युतभार सहजी घेत नाही, त्यामुळे ते यंत्राला दिसतच नसे. मेंढरांच्या मोठ्या कळपात आपलं कोकरू हरवावं तसं. धनगर अशा वेळी काय करतो? आपल्या जनावराच्या पाठीवर रंगाची खूण करतो. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात पेर आंद्रेन आणि मोहम्मदरेझा शरियतगोर्जी यांच्या गटानं नेमकं तेच केलं. पायरिलियम जातीचं एक रसायन त्यांनी कापावर फवारलं. ते डोपामिनच्या अमाइन टोकाला चिकटतं आणि स्वतःचा कायमचा विद्युतभार बरोबर आणतं. हिशोब सोपा आहे : डोपामिन १५३, खूण २३३, जुळताना पाण्याचा एक रेणू गळतो तो १८. उरले ३६८. गर्दीतून वर, मोकळ्या माळावर कोकरू उभं! २०१४ मध्ये 'न्यूरॉन' या नियतकालिकात ही रीत प्रसिद्ध झाली. २०१९ मध्ये 'नेचर मेथड्स'मध्ये याच गटाची सुधारलेली खूण आली. तिच्यामुळे डोपामिन, सेरोटोनिन आणि त्यांच्यापासून पुढे बनणारी रसायनं एकाच कापावर, १० मायक्रॉन इतक्या जवळजवळच्या ठिपक्यांवर दिसू लागली. पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या ऊतीवरही ती वापरून पाहिली गेली.

नुसतं दिसून भागत नाही, किती तेही हवं. एकच रेणू मेंदूच्या एका भागातून सहज उडतो, दुसऱ्यातून कमी उडतो. त्यामुळे चमक जास्त म्हणजे प्रमाण जास्त, असं म्हणता येत नाही. म्हणून हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घातलेलं थोडं जड डोपामिन ठरलेल्या मापानं सगळ्या कापावर फवारतात. ते खऱ्या डोपामिनसारखंच वागतं, फक्त वजनानं वेगळं ओळखू येतं. प्रत्येक ठिपक्यात या ओळखीच्या मापाशी खऱ्याची तुलना करायची. बाजारात तराजूचा काटा दोषी असला तरी दोन्ही वस्तू त्याच काट्यावर तोलल्या की फरक कळतो, तसं हे.

इथपर्यंतचं सगळं मी कुतूहलानं वाचलं होतं. पण याच गटाचा २०२१ चा 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मधला निबंध वाचताना मात्र मला तात्या डोळ्यांपुढे दिसत होते.

गोळ्या सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं चांगली गेली. सही मोठी झाली नाही, पण तात्या चावडीपर्यंत चालत जात. मग गोळी घेतल्यावर तासाभरात त्यांची मान, खांदा, कंबर आपोआप वळवळू लागली. थांबवता येत नसे. पारावर कुणीतरी म्हणालं, अंगात येतंय. काकींनी त्यांना पाराकडे जाऊ देणंच बंद केलं. या अनैच्छिक हालचालींना डिस्काइनेशिया म्हणतात. एल-डोपा वर्षानुवर्षं घेणाऱ्या अनेकांना ती होते, काहींना होत नाही.

उप्सालाच्या गटानं कंपवात घडवून एल-डोपा दिलेल्या माकडांचे मेंदू तपासले. काहींना ही वळवळ झाली होती, काहींना नव्हती. झालेल्यांच्या मेंदूत एल-डोपा सगळीकडे बेसुमार साठलेलं आढळलं, आणि स्ट्रायटमच्या बाहेरच्या भागांतही रसायनांचा तोल ढळलेला. जिथे पाणी हवं होतं तिथे ते धरून ठेवणाऱ्या पेशी उरलेल्या नाहीत, आणि जिथे नको तिथे ते पसरलंय. डोपामिनच्या पेशी मेल्यावर सेरोटोनिनच्या पेशीही एल-डोपापासून डोपामिन बनवतात, पण ते कधी आणि किती सोडायचं याचा लगाम त्यांच्याकडे नसतो. कालव्याकाठच्या लोकांना अशी जमीन माहीत आहे. पाणी नको तेवढं मुरलं की रान चिबड होतं, मीठ वर येतं. तालुक्याला पाणी भरपूर मिळालं, हे वाक्य तेव्हाही खरंच असतं. सुप्याला प्यायला नसतं तेव्हाही खरंच असतं.

तात्यांचं अंग का वळवळत होतं, याचं मला पटेलसं उत्तर इथे मिळालं. पारावर मात्र ते कधी पोचलं नाही.

आमच्या घरात आणखी एक गोष्ट घडली होती, तीही लिहितो. कुणाच्या तरी सांगण्यावरून काकी काष्ठौषधीच्या दुकानातून खाजकुहिलीच्या बियांची पूड आणून दुधात देत होत्या. डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, 'ते रागावतील' म्हणून. खाजकुहिली, संस्कृतात कपिकच्छू, ही थोतांड नाही. तिच्या बियांत एल-डोपा असतं, हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच वेगळं काढून दाखवलं. मुंबईत डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशिर वाडिया आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली कंपवाताच्या रुग्णांवर तिचा रीतसर अभ्यास करून 'न्यूरॉलॉजी इंडिया'त प्रसिद्ध केला. मुद्दा असा, की तेच औषध गोळीतून आणि तेच दुधातून, अशी दुहेरी मात्रा जात होती, आणि पुडीत एल-डोपा किती ते पुडीवर लिहिलेलं नव्हतं. झाडपाल्याचं म्हणून निरुपद्रवी, हा समज धोक्याचा आहे. सर्पगंधाही झाडपालाच होती. तिच्यातल्याच रिसर्पिननं ससे लोळागोळा झाले होते.

मेंदूच्या नकाशांचं काम आपल्याकडेही होऊ शकतं. डॉ. अशोक वैद्यांच्या कन्या विदिता वैद्य मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सेरोटोनिनवर काम करतात. २०१५ चा भटनागर पुरस्कार आणि २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला आहे. पवईच्या आयआयटीत संजीव श्रीवास्तव यांचा गट टाटा स्मारक केंद्राच्या शल्यचिकित्सकांबरोबर मेंदूतल्या गाठींची प्रथिनं मास स्पेक्ट्रोमेट्रीनं वाचतो. टाटा संस्थेतच पीएच.डी. केलेले शिबदास बॅनर्जी तिरुपतीच्या आयसरमध्ये वस्तुमान-चित्रणाचीच दुसरी तऱ्हा वापरतात, जिच्यात लेझरऐवजी भारित थेंबांचा फवारा ऊतीवरचे रेणू उचलतो. यंत्रं आणि माणसं आपल्याकडे आहेत.

मेंदू मिळणं हीच अडचण आहे. वस्तुमान-चित्रण जिवंत माणसावर होत नाही, त्याला कापलेली ऊती लागते. आणि मृत्यूनंतर ही रसायनं थांबत नाहीत. अ‍ॅसिटिलकोलिन तर पाहता पाहता विघटित होतं. म्हणून अजून बहुतेक नकाशे उंदरांचे आहेत. माणसाचा मेंदू शास्त्रीय रीतीनं जपणारी पेढी बंगळूरच्या निम्हान्समध्ये १९९५ मध्ये डॉ. एस. के. शंकर यांनी उभी केली. नेत्रदानाची पाटी आज गावच्या जत्रेत लागते. मेंदूदान हा शब्दही आपण घरात उच्चारत नाही. तात्या गेले तेव्हा आम्हीही उच्चारला नाही. तो विचारच मनात आला नव्हता, आणि याचं मला वाईट वाटतं.

जिवंतपणी जे करता येतं ते आम्ही उशिरा केलं, पण केलं. दर तपासणीला डॉक्टर विचारत, "कसं आहे?" आणि काकी सांगत, "बरं हाय." हीही सरासरीच होती. सकाळी ताठलेले, दहाला वळवळणारे, अकराला शेतावर जाऊन येणारे, तिन्हीसांजेला खुर्चीतून न उठणारे तात्या त्या दोन शब्दांत मिसळून जात. मग डॉक्टरांनीच सांगितलं, वेळ लिहा. काकी दुधाचा हिशोब ज्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहीत, त्यातच त्यांनी लिहायला घेतलं : '७ गोळी. ८ चालले. ९ मान हलती. १२ ताठ.' महिन्याभराच्या चौकटी पाहून डॉक्टरांनी गोळीची मात्रा लहान केली आणि वेळा वाढवल्या. कुहिलीची पूड बंद झाली. वळवळ पुरती गेली नाही, पण तात्या पारावर पुन्हा बसू लागले.

तुमच्या घरात कंपवाताचा रुग्ण असेल तर आजच एक वही घ्या. गोळीची वेळ, जेवणाची वेळ, अंग मोकळं झालं ती वेळ, वळवळ सुरू झाली ती वेळ, ताठरलं ती वेळ, एवढंच लिहा. पूड, काढा, चूर्ण जे काही देत असाल ते त्याच पानावर न लपवता लिहा. सही बारीक होऊ लागली असेल तर डॉक्टरांना दाखवायला जुनी आणि नवी, दोन्ही सह्या बरोबर घ्या, आणि बँकेत जाऊन नमुना सही बदलून घ्या. पुढच्या तपासणीला ती वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.